इथली

पागेच्या जमाखर्चात ती सापडली,
हरभऱ्याच्या आणि नालांच्या मध्ये.
मोडी वाचणारे जिरगे मास्तर बोट ठेवून म्हणाले,
"हे बघा. इथलीबाई. दरमहा रुपये साठ.
खाली काळी घोडी, पाऊणशे."
आणि चष्मा पुसत बसले, उगाचच.

मी उद्यमनगरात फौंड्रीची खाती लिहिते.
ज्याचं काय करायचं कळत नाही
ते कुठल्या सदरात ढकलतात, मला ठाऊक आहे.

एथेल तिचं नाव. ते दासींच्या तोंडात बसेना,
म्हणून इथली.
बाप विलायतेहून घोडे शिकवायला आला जहागीरदारांकडे,
दोन पावसाळ्यांत हिवतापानं गेला.
मुलगी उरली, अठराची.
परतीचं भाडं कोणी द्यायचं
यावर एक पत्र गेलं, एक आलं,
एक आलंच नाही.
तोवर सरकारांनी तिला
रंकाळ्यापलीकडचा बंगला दिला होता.
दिला म्हणजे राहायला.
पगार बापाच्याच खात्यावर चालू.

हे असं सलग कोणी सांगितलं नाही.
आत्या सांगायची ते भाकरी थापताना,
आमच्याकडे पाठ करून:
तिला आधी तिखट सोसायचं नाही,
मग तिखटाशिवाय घास उतरेना.
दसऱ्याला सरकार सोनं लुटायला चौकात,
ही आपट्याचं एक पान घेऊन जिन्यात,
दिवे लागेपर्यंत.
आले तर आले.
संक्रांतीला राणीसाहेबांचा तिळगूळ यायचा,
झाकलेल्या वाटीत, दासीच्या हातून.
बोलावणं कधी आलं नाही.
वाटी कधी चुकली नाही.
"तीच खरी हुशार बाई," आत्या म्हणायची,
दोघींतली कोणती ते मी विचारलं नाही.

तीन मुलं. पहिलं गोवरात गेलं.
विल्यमचा विलासराव झाला, त्यानं पुण्याकडे तोंड केलं
ते पुन्हा वळवलं नाही.
हॅरीचा हरी. तो माझा आजा.
शाळेत घालताना बापाचं नाव
कोणी सांगेना, कोणी विचारेना.
आईचं आडनाव पेज, कागदावर इंग्रजीत लिहिलेलं;
हेडमास्तरांनी अक्षर लावून वाचलं
आणि लिहिलं, पागे.
पागेतलंच पोर, शोभून गेलं.
हरी नाल ठोकायला शिकला,
घोडे संपले तेव्हा भट्टी तेवढी राहिली.
तिच्यावरच आमचं पोट.

घारे डोळे, आडनाव पागे:
लोक अजून विचारतात, "कोकणस्थ का?"
"हसायचं," आत्या सांगायची,
"हो नाही आणि नाही पण नाही."

तसबीर एकही नाही तिची.
एक होती म्हणे, सरकारांच्या कपाटात,
ती नंतर कोणी कशी जाळली
याच्या तीन गोष्टी आहेत, तिन्ही आत्याच्याच.

जिरगे मास्तरांनी शेवटचं पान उलटलं.
"इथलीबाई मयत. साठ वजा.
काळी घोडी पुढे चालू."

मग सुभाषनगरात सातपुत्यांच्या माळ्यावर
त्यांच्या पणजोबांची मापवही निघाली.
वाळवीनं कडा खाल्लेल्या,
एकेका पानावर एकेक पाऊल, शिसपेन्सिलीनं काढलेलं.
तिचं डावं. अरुंद, लांब,
अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या पुढे गेलेलं.
मी चप्पल काढून वर पाय ठेवला.
माझा चारी बाजूंनी बाहेर.
हा पाय तिच्याकडून नाही आला तर.

कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं:
*वाजायला नको.*

करकर नसलेली कोल्हापुरी, त्या काळात!
सातपुते हसले. मी त्या दोन शब्दांकडे बघत राहिले.
कोणी सांगितलं असेल?
ज्याला रात्री तिचं चालणं
वाड्यापर्यंत ऐकू जायला नको होतं, त्यानं?
की तिलाच
कुणाला न कळता
रंकाळ्याच्या पाण्यापर्यंत जाऊन यायचं असेल?

"तुम्हाला करू का एक जोड?" सातपुते म्हणाले.
"वाजणारी का मुकी?"

मी आधी भाव विचारला.